मोठे कोण? : तित्तिर जातकाचा अभ्यास



भूतान देशात घरांच्या, शाळांच्या आणि विहारांच्या भिंतींवर एक चित्र ठिकठिकाणी काढलेले असते. तिबेटी परंपरेतील बौद्ध लोक जेथे जेथे राहतात तेथेही ते आढळते. आपल्या देशात लडाख आणि सिक्कीमकडे गेलेल्यांनी ते पाहिले असेल. फळांनी लगडलेले एक झाड आहे. झाडाखाली हत्ती उभा आहे. हत्तीच्या पाठीवर माकड बसले आहे, माकडावर ससा, आणि सशाच्याही वर, सर्वांत उंच, एक लहानसा पक्षी. भूतानी लोक या चित्राला ‘थुन्पा पुन्झी’ म्हणतात. सलोख्याने राहणारी चार भावंडे, असा त्याचा अर्थ.

हे चित्र एखाद्या लहान मुलासमोर ठेवा. हत्ती सर्वांत खाली आणि पाखरू सर्वांत वर असे का, हा प्रश्न ते मूल विचारल्याशिवाय राहणार नाही. या प्रश्नाचे उत्तर भगवान बुद्धांनी सांगितलेल्या एका कथेत आहे. माणूस मोठा होतो म्हणजे नेमके काय होते, हे त्या कथेवरून चांगले समजते. म्हणून या पाठात आपण तिचा अभ्यास करू.

कथा

पालि जातकसंग्रहात पाचशे सत्तेचाळीस कथा आहेत. त्यांतील सदतिसावी कथा तित्तिर जातक या नावाने ओळखली जाते. तीच कथा विनयपिटकातील चुल्लवग्गातही आली आहे.

हिमालयाच्या पायथ्याशी एक मोठा वड होता. त्याच्या आसऱ्याने एक तित्तिर पक्षी, एक माकड आणि एक हत्ती असे तिघे राहत होते. तिघे एके ठिकाणी राहत होते खरे. पण कोणी कोणाला मान देत नव्हते, कोणी कोणाचे ऐकत नव्हते. ज्याला जसे वाटेल तसे तो वागे. काही काळाने त्यांच्याच मनात आले, की असे राहणे बरे नव्हे. आपल्यात वडील कोण हे एकदा ठरवावे, त्याला मान द्यावा आणि त्याच्या सल्ल्याने चालावे.

पण ठरवायचे कसे? कोणाचीही जन्मतिथी कोठे लिहिलेली नव्हती. तेव्हा त्यांना वडाचे झाड आठवले. दोघांनी हत्तीला विचारले, “तुला पहिल्याने आठवते तेव्हा हे झाड केवढे होते?” हत्ती म्हणाला, “मी लहान पिल्लू होतो तेव्हा हे झाड पायांमध्ये घेऊन मी वरून चालत जाई. त्याचा शेंडा माझ्या पोटाला लागे.” मग माकडाला विचारले. माकड म्हणाले, “मी लहान असताना जमिनीवर बसल्या बसल्या मान पुढे करून याचे शेंड्याचे कोंब खात असे.” शेवटी तित्तिराची पाळी आली. तो म्हणाला, “पलीकडे एक जुना वड होता. त्याची फळे मी खाल्ली आणि या जागी विष्ठा केली. त्यातून हे झाड उगवले. हे झाड नव्हते तेव्हापासूनची ही जागा मला माहीत आहे.”

हत्ती आणि माकड यांनी तित्तिराला वडील मानले. त्या दिवसापासून ते त्याला नमस्कार करू लागले, त्याच्या उपदेशाप्रमाणे वागू लागले. तित्तिराने त्यांना पंचशील दिले आणि स्वतःही पंचशीलाचे पालन केले. अशा रीतीने ते तिघे एकमेकांचा मान राखून सुखाने राहिले.

तिबेटी भाषेत जो विनय जतन झाला आहे, त्यात या तिघांबरोबर चौथा ससा आहे. वडाला दोनच पाने फुटली होती तेव्हा त्या पानांवरचे दंव आपण चाटले, असे तो सांगतो. तेथे कथा थोडी पुढेही जाते. ही चार भावंडे शीलाने वागू लागली, त्यांनी आपापल्या जातीच्या प्राण्यांनाही शील दिले, आणि सगळ्या प्रदेशात सुबत्ता आली. काशीच्या राजाला वाटले, हे आपल्याच पुण्याईने झाले. एका ऋषीने त्याला सांगितले, की राजा, हे तुझे श्रेय नव्हे. रानात चार प्राणी शीलाने राहतात, त्यांचे आहे. भूतानमधील चित्र या चौघांचे आहे.

कथेचा प्रसंग

ही कथा भगवंतांनी कोणत्या प्रसंगी सांगितली हे समजून घेतले नाही, तर तिचे मर्म हाती लागत नाही.

भगवान बुद्ध भिक्खुसंघासह श्रावस्तीला येत होते. छब्बग्गिय नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहा भिक्खूंचे शिष्य घाईघाईने पुढे गेले. ही जागा आमच्या आचार्यांची, ही आमच्या उपाध्यायांची, ही आमची, असे म्हणून त्यांनी निवासाच्या सगळ्या जागा अडवून ठेवल्या. सारिपुत्त मागून आले. भगवंतांच्या पट्टशिष्यांपैकी ते एक. पण त्यांना बिछाना टाकायला जागा उरली नव्हती. काही न बोलता ते एका झाडाखाली जाऊन राहिले. पहाटे भगवंत उठून बाहेर आले आणि खोकले. झाडाखालून सारिपुत्तही खोकले. “तेथे कोण आहे?” असे विचारल्यावर सारिपुत्तांनी आपले नाव सांगितले, आणि मग सारा प्रकार उघड झाला.

भगवंतांनी संघ एकत्र बोलावला आणि विचारले, “भिक्खूंनो, पहिले आसन, पहिले पाणी आणि पहिली भिक्षा कोणाला मिळावी?” उत्तरे आली ती लक्षात ठेवण्यासारखी आहेत. कोणी म्हणाले, जो क्षत्रिय कुळातून आला त्याला. कोणी म्हणाले, जो ब्राह्मण कुळातून आला त्याला. कोणी म्हणाले, जो गृहपती कुळातून आला त्याला. काहींनी सुत्त जाणणाऱ्याचे नाव घेतले, काहींनी विनय जाणणाऱ्याचे, काहींनी उत्तम प्रवचन करणाऱ्याचे, तर काहींनी ध्यानात पुढे गेलेल्याचे. भगवंतांनी यांतले एकही उत्तर मान्य केले नाही. त्यांनी तित्तिराची कथा सांगितली आणि नियम केला, की संघात अभिवादन, उठून उभे राहणे, पहिले आसन, पहिले पाणी आणि पहिली भिक्षा ही ज्येष्ठतेप्रमाणे द्यावीत. ही ज्येष्ठता मोजायची ती संघात आल्याच्या दिवसापासून. कोणत्या कुळात जन्म झाला याचा तेथे हिशेबच नाही.

वाचकहो, चीवर घातलेल्या माणसांच्या तोंडूनसुद्धा पहिले उत्तर कुळाचे आले. माणूस घर सोडतो, पण घराचा अभिमान त्याच्या मागोमाग विहारात येतो. जे त्या काळी श्रावस्तीत घडले ते आजही घडू शकते.

जातककथा आपण कशी वाचाव्या?

येथे काही वाचक विचारतील, की जातककथेत भगवंतांचे पूर्वजन्म सांगितलेले असतात. आपण बाबासाहेबांचे अनुयायी, आपण त्या कशा मानाव्या? हा प्रश्न योग्य आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी जे चार प्रश्न उभे केले, त्यांत आत्मा, कर्म आणि पुनर्जन्म यांचा प्रश्न आहेच. मागच्या जन्मीच्या पापामुळे माणूस नीच कुळात जन्माला येतो, ही शिकवण त्यांनी स्वच्छ नाकारली. या एका शिकवणीने आपल्या वाडवडिलांना शेकडो वर्षे मान खाली घालायला लावली होती.

तित्तिर जातकाच्या शेवटी सांगितले आहे, की त्या वेळचा हत्ती म्हणजे मोग्गलान, माकड म्हणजे सारिपुत्त आणि तित्तिर म्हणजे स्वतः भगवंत. हा भाग आपण इतिहास म्हणून धरण्याचे कारण नाही. लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट घेऊन तिच्यातून शील शिकवण्याची ती एक जुनी रीत आहे. भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर इसवी सनापूर्वीच्या काळात जातककथा कोरल्या गेल्या आणि कित्येक कथांची नावेही ब्राह्मी लिपीत खाली कोरली गेली. अजिंठ्याच्या दहाव्या आणि सतराव्या लेण्यांत छद्दंत हत्तीची कथा रंगवलेली आहे. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनाही या चित्रांवरून धम्म समजत असे. जे बुद्धीला पटते आणि बहुजनांच्या कल्याणाचे आहे ते घ्यावे, या कसोटीवर कथा पारखावी. तित्तिराची कथा या कसोटीला उतरते. आता तिच्यातील शिकवण एकेक करून पाहू.

पहिली शिकवण : आपले लहानपण आठवावे

तिघांनी एकमेकांना काय विचारले ते पुन्हा पाहा. तू किती बलवान आहेस, तुझे कूळ कोणते, तुझ्याजवळ काय आहे, असे कोणी विचारले नाही. तू लहान होतास तेव्हा हे झाड केवढे होते, एवढेच विचारले. उत्तर देताना प्रत्येकाला आपले लहानपण आठवावे लागले. डोंगराएवढ्या हत्तीलाही सांगावे लागले, की मीही एकदा पिल्लू होतो आणि मी आलो तेव्हा झाड येथे उभे होते.

मोठे होण्याची सुरुवात येथून होते. ज्या सावलीत आपण बसलो आहोत ती आपण निर्माण केलेली नाही, आपल्या आधी कोणीतरी येथे होते, हे ज्याला कळले तो वाढू लागला. ज्याला वाटते की सर्व काही माझ्यापासून सुरू झाले, तो वयाने कितीही वाढला तरी अजून पाळण्यातच आहे.

दुसरी शिकवण : बळ आणि विद्या यांनी नम्रता सुटत नाही

हत्तीने एक पाऊल टाकले असते तर तित्तिर चिरडून गेला असता. तरीही हत्ती वाकला. कोणी त्याला वाकवले नाही. खरे काय ते कळल्यावर तो आपण होऊन वाकला. चित्रात तो सर्वांत खाली उभा आहे, पण त्याला दीन दाखवलेले नाही. वरच्या तिघांचा भार तोच वाहतो आहे. बळाचा योग्य उपयोग हाच.

विद्येचेही तसेच आहे. सारिपुत्तांना धम्माची पहिली ओळख अस्सजी नावाच्या भिक्खूकडून झाली. अस्सजींनी त्यांना फार मोठे प्रवचन दिले नव्हते. मी नवा आहे, विस्ताराने सांगू शकत नाही, असे म्हणून त्यांनी थोडक्यात सार सांगितले होते. पुढे सारिपुत्त प्रज्ञेमध्ये सर्व शिष्यांत अग्रगण्य ठरले. तरी अस्सजी ज्या दिशेला राहत असतील त्या दिशेला ते हात जोडीत आणि त्या दिशेकडे डोके करून निजत. काही भिक्खूंना वाटले, सारिपुत्त अजून ब्राह्मणांसारखी दिशांची पूजा करतात. भगवंतांनी समजावून दिले, की ज्याच्याकडून धम्म मिळाला त्याला ते वंदन करीत आहेत. शिष्य ज्ञानाने गुरूच्या पुढे गेला, तरी ज्याने बी टाकले त्याला तो विसरला नाही.

तिसरी शिकवण : वडीलपण हे काम आहे

तित्तिराला मान मिळाला. त्याने त्या मानाचे काय केले? हत्तीवर बसून फिरवून आणा, असे तो म्हणाला नाही. माकडाला झाडावर चढवून त्याने फळे काढून घेतली नाहीत. जीवहिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्यपान यांपासून दूर राहण्याचे शील त्याने त्यांना दिले, आणि आधी ते आपण पाळले. वडीलपणाचा अधिकार एवढ्यासाठीच असतो.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी आईबाप आणि मुले यांची कर्तव्ये समोरासमोर ठेवली आहेत. मुलांनी आईबापांचा सांभाळ करावा हे जसे सांगितले, तसेच आईबापांनी मुलांना वाईटापासून आवरावे, चांगल्याला लावावे, उपजीविकेची विद्या शिकवावी, योग्य जोडीदाराशी विवाह करून द्यावा आणि योग्य वेळी वारसा हाती द्यावा, हेही सांगितले. देणे दोन्ही बाजूंनी आहे. योग्य वेळी हाती द्यावा, या गोष्टीकडे आपल्या संस्थांतील आणि विहारांतील ज्येष्ठांनी विशेष लक्ष द्यावे. तरुण चाळिशीला आला तरी त्याच्या हाती सतरंज्या उचलण्याखेरीज दुसरे काम येत नसेल, तर तो विहारात यावयाचा थांबतो, आणि मग आपणच म्हणतो की नव्या पिढीला धम्माची आवड नाही.

चौथी शिकवण : नुसते वय पुरेसे नाही

या कथेचा कोणी उलटा अर्थ करील, की म्हातारा म्हणेल ते खरे. तसे नाही. धम्मपदाच्या जरावग्गात तथागतांनी अल्पश्रुत माणसाला बैलाची उपमा दिली आहे. त्याचे अंग वाढते, प्रज्ञा वाढत नाही. वेळ न ओळखता भलतेच बोलणाऱ्या लालुदायी नावाच्या स्थविरावरून ही गाथा सांगितली गेली, असे अट्ठकथा सांगते. म्हणजे हा बैल संघातच होता.

याच्या उलट लकुंटक भद्दियांची गोष्ट आहे. ते शरीराने फार ठेंगणे होते. भगवंतांच्या दर्शनाला आलेल्या तीस भिक्खूंनी त्यांना वाटेत पाहिले. आताच येथून एक स्थविर गेले, ते तुम्ही पाहिले काय, असे भगवंतांनी विचारले, तेव्हा ते भिक्खू म्हणाले, आम्ही तर एक लहान श्रामणेर पाहिला. त्या वेळी भगवंतांनी सांगितले, की केस पिकल्याने कोणी स्थविर होत नाही. ज्याच्या ठायी सत्य, अहिंसा आणि संयम आहेत तो स्थविर. चित्रातील पाखराप्रमाणे लकुंटक भद्दियही अंगाने लहान होते.

मग वडील मनुष्यच चुकत असेल तर धाकट्याने काय करावे? याचेही उत्तर विनयात आहे. उपाध्याय दोषास्पद बोलण्याच्या बेतात असतील तर शिष्याने त्यांना आवरावे. त्यांच्या मनात चुकीची दृष्टी उत्पन्न झाली तर ती दूर करण्याचा यत्न करावा. हे शिष्याचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे, उद्धटपणा म्हणून नव्हे. म्हणून बाप दारू पिऊन घरी येत असेल, तर त्याला नमस्कार करणे एवढ्याने मुलाचे कर्तव्य संपत नाही. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, याची आठवण त्याने बापाला शांतपणे आणि निर्भयपणे करून द्यावी. नम्रता आणि भीती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भीतीने वाकणे आपण पिढ्यान्‌पिढ्या केले. धम्मात आल्यावर ते पुन्हा करावयाचे नाही.

पाचवी शिकवण : जन्माची शिडी मोडली पाहिजे

मल्लांच्या देशात अनुपिया येथे भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किंबिल आणि देवदत्त हे शाक्य कुमार प्रव्रज्या घेण्यासाठी भगवंतांकडे आले. त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. कुमारांनी आपण होऊन भगवंतांना विनंती केली, की आम्हा शाक्यांना फार अभिमान आहे. या उपालीने आजवर आमची सेवा केली. त्याला आधी प्रव्रज्या द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा अभिमान उतरेल. तसेच झाले. उपाली काही क्षणांनी ज्येष्ठ ठरला आणि राजकुमारांनी न्हाव्यापुढे हात जोडले. हाच उपाली पुढे विनयाचा श्रेष्ठ जाणकार झाला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात उपालीची दीक्षा आवर्जून सांगितली आहे, ती याचसाठी.

ज्येष्ठता कुळावरून न मोजता संघात आल्याच्या दिवसावरून मोजण्याचा नियम साधा दिसतो, पण त्याने जातीची उतरंड मुळापासून हलवली. उतरंडीत खालचे मडके वर येऊच शकत नाही. तित्तिराच्या झाडाखाली मात्र जागा जन्माने ठरत नाही. तित्तिराच्या विष्ठेतून वड उगवला, ही गोष्टही विसरू नका. आपल्याकडे विहिरीच्या काठावर आणि जुन्या भिंतीत वड उगवतो तो असाच, पाखराच्या विष्ठेतून. लोक ज्याला घाण म्हणून नाक मुरडतात, त्यातूनच गावाला सावली देणारे झाड येते.

आपल्या घरातील वड

वाचकहो, आता ही कथा आपल्या घरात आणून पाहा.

१९२७ च्या मार्चमध्ये महाड येथे बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि उष्टे अन्न सोडून देण्यास सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी त्यांच्याबरोबर धम्म स्वीकारला. त्या दिवशी जे दहा वर्षांचे मूल बापाचे बोट धरून दीक्षेच्या मैदानावर उभे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहे. त्याचे आईबाप बहुतेक निघून गेले. या लोकांपैकी अनेकांना सही करता येत नव्हती. त्यांनी घरातले देव बाहेर काढले, गावकीची कामे सोडली, त्यासाठी गावचा बहिष्कार सोसला आणि अर्धपोटी राहून मुलांना शाळेत घातले. आज त्यांच्या नातवंडांत डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, प्राध्यापक आहेत, परदेशी गेलेलेही आहेत. नातू आता हत्तीएवढा झाला आहे. घरातील पाखरू मात्र कोपऱ्यातल्या खाटेवर बसलेले असते. त्याला इंग्रजी कळत नाही, मोबाईल चालवता येत नाही, आणि पाहुणे आले म्हणजे त्याला आतल्या खोलीत बसवले जाते. असे घर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

छब्बग्गियांच्या शिष्यांनी सारिपुत्तांची जागा अडवली. आपण आपल्याच घरात आपल्या आजीची जागा अडवून बसलो आहोत काय, हे प्रत्येकाने तपासून पाहावे. आपले शिक्षण, नोकरी आणि घर ही त्या वडाची फळे आहेत; आणि बी कोणी टाकले हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. त्यांना विचारले पाहिजे. त्या दिवशी घरात काय झाले? देव बाहेर काढताना आजीला भीती वाटली का? गावाने पाणी बंद केले तेव्हा पाणी कोठून आणले? या प्रश्नांची उत्तरे छापील पुस्तकात सगळी सापडणार नाहीत. ती त्या खाटेवर बसलेल्या माणसाजवळ आहेत आणि त्याच्याबरोबर निघून जातील.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. धम्म घेतल्यावरही आपल्यात पोटजातीची विचारपूस थांबलेली नाही. सोयरीक ठरवताना, समितीचा अध्यक्ष निवडताना, आसन देताना कोणी हळूच विचारतो, हे मूळचे कोणते? हा श्रावस्तीतला पहिला प्रश्न आहे आणि भगवंतांनी त्याला तेथेच नकार दिला आहे. दुसऱ्या ठिकाणी पोटजातीऐवजी देणगीचा आकडा किंवा हुद्दा पाहून पहिली खुर्ची दिली जाते. पाहण्याचे माप बदलले, दोष तोच राहिला. उत्तम वक्त्यालासुद्धा भगवंतांनी पहिले आसन दिले नाही, मग पैसेवाल्याला आपण ते कोणत्या आधारावर देतो?

धम्मवर्गासाठी

विहारातील मुलांच्या वर्गात हा पाठ घेताना आधी चित्र काढून घ्यावे. फळ्यावर झाड, हत्ती, माकड, ससा आणि पक्षी एवढे काढले तरी पुरे. चित्र सुबक असण्याची गरज नाही. मुलांना पाहू द्यावे, प्रश्न विचारू द्यावेत, आणि पक्षी वर का हे त्यांनी विचारल्यावरच कथा सांगावी. कथा झाल्यावर प्रत्येक मुलाने घरच्या सर्वांत वडील माणसाला एक प्रश्न विचारून यावा : तुम्ही माझ्याएवढे होता तेव्हा आपल्या घरी काय काय नव्हते? पुढच्या वर्गात ती उत्तरे वाचून दाखवावी आणि एका वहीत लिहून ठेवावी. दोनचार वर्षांत ती वही त्या वस्तीचा धम्माचा इतिहास होईल.

मोठ्यांच्या अभ्यासवर्गासाठी पुढील प्रश्न घ्यावेत.

१. पहिले आसन कोणाला द्यावे या प्रश्नावर भिक्खूंनी जी उत्तरे दिली, त्यांपैकी कोणती उत्तरे आपल्या विहारात आजही दिली जातात?

२. तित्तिराने मान मिळाल्यावर काय केले आणि काय केले नाही? आपल्या घरातील व संस्थेतील ज्येष्ठांच्या वागण्याशी त्याची तुलना करा.

३. वडीलधाऱ्या माणसाची चूक दाखवताना नम्रता आणि निर्भयता या दोन्ही गोष्टी कशा सांभाळाव्या? प्रत्यक्ष उदाहरण घेऊन चर्चा करा.

४. ज्याच्याकडून आपल्याला धम्माचा पहिला शब्द ऐकावयास मिळाला, ती व्यक्ती कोण? ती हयात असेल तर शेवटची भेट केव्हा झाली?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वर्गात सांगण्याची सक्ती कोणावर करू नये. ज्याने त्याने ते आपल्या मनाशी द्यावे, आणि पुढच्या पौर्णिमेच्या आत जाऊन त्या माणसाला भेटून यावे.